छोट्या घराचा प्लॅन बदलताय? आधी दारं मोजा, भिंतींचं नंतर बघू

नाशिकजवळ गिरणारे गावाच्या पुढे शेतात आमचं वडिलांच्या वेळचं कौलारू घर आहे, बाहेरून 24 बाय 18 फूट, 9 इंची विटांच्या भिंती, पुढे बंदिस्त ओसरी मग मधली खोली मग स्वयंपाकघर, एका ओळीत तिन्ही, आणि संडास-मोरी मागे अंगणात. आईला तिथेच राहायचंय, नाशिकच्या फ्लॅटमध्ये तिला करमत नाही, म्हणून मागच्या वर्षी घर राहण्यासारखं करायला घेतलं. जे कळलं ते लिहितोय, तुमचं घर वेगळं असेल पण हिशोब तोच लागतो.

मिस्त्री आला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, भाऊ मधली भिंत पाडून टाकू, मोकळं होईल. थांबा. कौलारू घरात आडवी भिंत बऱ्याचदा वरचं आढं (छपराचं मधलं मुख्य लाकूड) तोलून धरते, आमची तशीच होती. आधी माळ्यावर चढून बघा आढं आणि वासे कशावर टेकलेत ते. आणि दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा, प्लास्टर धरून 10 इंचाच्या आसपास भरली तर ती भार घेणारी समजूनच चाला, साडेपाच भरली तर बहुतेक नुसतं पार्टिशन. तरी शंका असेल तर इंजिनिअरला एकदा दाखवा, त्याची फी कौलं उतरवून परत चढवण्यापेक्षा कमीच असते.

आमच्याकडे अडचण भिंतीची नव्हतीच. मधल्या खोलीला चार दारं होती, एक ओसरीत, एक स्वयंपाकघरात, एक दक्षिणेला अंगणात आणि एक उत्तरेला जुन्या गोठ्याकडे, आणि चारही बरोबर भिंतीच्या मध्यावर! त्यामुळे खोली आतून साधारण सव्वानऊ बाय साडेसोळा असूनही खाट लावायला धड एक भिंत नाही, कुठेही टाका, कोणाच्या तरी वाटेत येणार. छोट्या घरात दार म्हणजे नुसतं अडीच फुटांचं भोक नसतं, त्याचं पान फिरायला जागा जाते आणि समोर चालायची वाट सोडावी लागते ती वेगळी.

म्हणून कागदावर प्लॅन काढायच्या आधी जमिनीवर काढा. खडू घ्या (आमची शहाबादी फरशी, त्यामुळे छान उमटलं), खाटेचा सव्वासहा बाय चारचा चौकोन आखा, कपाट आखा, आणि प्रत्येक दाराला सुतळी बांधून पान किती फिरतं तो अर्धवट गोल काढा. मग चार-पाच दिवस तसंच राहा आणि कोण कुठून जातं ते बघा. आमच्या बायकोने ओल्या पायाने चालून दाखवलं, म्हणजे अक्षरशः फरशीवर पाय उमटवले, स्वयंपाकघरातून ओसरीत ताट न्यायची वाट खडूच्या खाटेवरून गेली होती. आईची रात्रीची वाट सगळ्यात वाईट, खाटेवरून उठायचं, स्वयंपाकघर ओलांडायचं, मागचं दार उघडायचं आणि पावसात अंगणातून मोरीपर्यंत.

आता काय केलं ते. स्वयंपाकघर आतून साडेसात फूट रुंद आणि साडेसोळा लांब होतं, बोळच म्हणा. त्याचं उत्तरेचं टोक 4 इंची भिंतीने तोडून 5 बाय साडेसातचं संडास-बाथरूम केलं. त्याच टोकाला का, तर बाहेरचं जुनं चेंबर (सांडपाण्याचे पाइप जिथे येऊन मिळतात तो हौद) तिथून जवळ. ही गोष्ट आवडीनिवडीवर ठरवू नका, संडासाचा 4 इंची पाइप 40 फुटाला 1 फूट या हिशोबाने उतरला पाहिजे, म्हणजे 10 फुटाला 3 इंच, चेंबर लांब असेल तर तेवढा उतार मिळतच नाही आणि मग आयुष्यभर तुंबणं. बाथरूमचं दार मात्र स्वयंपाकघरात नाही, मधल्या खोलीत काढलं, आईच्या खाटेपासून चार पावलांवर.

स्वयंपाकघराचं मधलं दार बंद करून दक्षिणेकडे सरकवलं. नवीन दार काढताना अगदी कोपऱ्याला चिकटून काढू नका, कोपऱ्यापासून दीड-दोन फूट भिंत सोडा, आणि लिंटेल (दारावरची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना निदान 6-6 इंच भिंतीवर टेकलं पाहिजे, फोडायच्या आधी वर टेकू द्यायचे हे सांगायलाच नको पण सांगतो, कारण आमचा मिस्त्री तसाच छिन्नी घेऊन सुरू होणार होता. आता दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार, उत्तरेला बाथरूमचं, आणि मध्ये साडेआठ फूट सलग भिंत मिळाली. खाट बसली, शेजारी स्टूल पण बसलं. ओसरीचं दार मध्यावरच ठेवलं, पैसे संपत आले होते आणि नडतही नव्हतं.

उत्तरेचं दार बंद केलं पण पूर्ण भरलं नाही. बाहेरच्या अंगाने 4 इंची वीट लावली, आतून साधारण 5 इंच खोल जागा राहिली, तिला कडाप्प्याच्या फळ्या मारल्या, झालं फडताळ. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये भिंतीतले कोनाडे-फडताळं पाहिली असतील, तीच युक्ती. औषधं, चष्मा, पोथी, टॉर्च, मोबाइल चार्जर सगळं तिथे, आणि जमिनीवरची एक इंच जागा गेली नाही.

दक्षिणेच्या दाराची खिडकी केली, खालचे अडीच फूट बांधून. हा निर्णय मला सगळ्यात आवडतो. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांवरच असतो, त्यामुळे 7 फूट उंचीच्या चौकटीतून ऊन साडेसहा फूट आत येतं, सज्जा मोठा नसेल तर. थंडीत आई तिथेच बसते गहू निवडत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो म्हणून दक्षिणेचा त्रास होत नाही, तापते ती पश्चिमेची भिंत. पाऊसही पश्चिमेकडूनच झोडपतो, तेव्हा त्या बाजूला मोठी खिडकी काढायचा मोह आवरा, डोंगर कितीही छान दिसत असला तरी.

ओट्याचं थोडक्यात: 2 फूट खोल पुरे, उंची उभं राहून कोपरापासून 4 ते 6 इंच खाली ठेवा, रेडिमेड आकडा घेऊ नका, आणि खिडकीखाली सिंक ठेवा, शेगडी नको, वाऱ्याने फडफडते.

बाथरूममध्ये माझी चूक झाली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मिस्त्रीने दारात 3 इंचाचा उंबरा घातला आणि मी हो म्हणालो. दुसऱ्याच आठवड्यात आई अडखळली, नशीब की दाराची चौकट हाताला लागली. उंबरा फोडला, फरशी परत केली, दर चार-पाच फुटाला 1 इंच ढाळ जाळीकडे. पाणी ढाळाने थांबतं, उंबऱ्याने नाही. दार बाहेर उघडणारं घ्या, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार माणसालाच अडतं, आणि कडी बाहेरून उघडता येईल अशी. संडासाच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा, तो 9 इंची भिंतीत बसवा, 4 इंचीत हलतो. वर 7 फुटांवर स्लॅबचा छोटा माळा टाकून घेतला, धान्याच्या कोठ्या आणि गाद्या तिकडे गेल्या.

क्रम असा ठेवा की आधी नवीन बाथरूम चालू होऊ दे, मग दारं बुजवा, नाहीतर घरात राहून काम करताना हाल होतात. वीटकामाला निदान 7 दिवस पाणी मारा. मृगाच्या आत बांधकाम आणि कौलं उरकली पाहिजेत, रंग दिवाळीला दिला तरी चालतो, ओल्या भिंतीवर घाईने दिला तर पोपडे येतात. आणि बाहेर एखादी खोली वाढवायची असेल तर घर कोणाच्या हद्दीत येतं त्याप्रमाणे परवानगी आधी बघा, आम्ही बाहेर एक वीटही टाकली नाही म्हणून ती कटकट वाचली.

मागची जुनी मोरी पाडू नका असं आईने बजावलं होतं, ऐकलं ते बरं झालं, द्राक्ष छाटणीला बायका येतात तेव्हा त्यांना तीच लागते.