ब्रेक नसलेली गाडी आणि मॉगरची दुसरी फेरी

स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकलची शर्यत. तिच्या गाडीला ब्रेक नसतो, हे इचलकरंजीत गॅरेज चालवणाऱ्या माझ्या काकांना अजून पचलेलं नाही. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, गिअर एकच. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या आणि वळायचं फक्त डावीकडे. मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा.

मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आलो तो गाड्यांचं काम शिकायला. शनिवारी स्पीडवेच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, हरकाम्या म्हणून जायला लागलो. तिथला वास ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना. मग कळलं, इंजिनात एरंडेलापासून बनवलेलं तेल घालतात! लहानपणी आजी नाक दाबून पाजायची, तेच एरंडेल इथे इंजिनाला पाजत होते.

वर्षभर चाकं धुतल्यावर मला गाडीवर बसू दिलं. रस्त्यावर चालवणाऱ्याचा हात भीती वाटली की रेस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडतो. इथे नेमकं तेच अंगाशी येतं. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरतं ठेवायचं, हँडल उजवीकडे, लोखंडी तळवा बांधलेला डावा पाय मातीवर. मध्येच रेस सोडली, तर घसरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळते, गाडी सरळ होते आणि समोर कुंपण असतं. माझं कॉलरबोन तिसऱ्या सरावाला मोडलं. दोष माझ्याच मनगटाचा.

हात गळ्यात बांधून घरी बसलो होतो, तेव्हा इव्हान मॉगरची कारकीर्द नीट वाचली. १९३९ साली याच क्राइस्टचर्चमध्ये जन्मलेला हा माणूस स्पीडवेत सहा वेळा जगज्जेता झाला : १९६८, १९६९, १९७०, १९७२, १९७७ आणि १९७९. नवे लोक हे सहा आकडे पाठ करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. १९५७ मध्ये सतरा वर्षांचा मॉगर बायकोला, रेला, घेऊन इंग्लंडला गेला. गावातल्याच रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज या रायडरांनी तिकडे नाव काढलं होतं, मग यालाही वाटलं. विम्बल्डनच्या स्पीडवे क्लबात त्याला पक्की जागा मिळाली नाही. ट्रॅकवरची पडेल ती कामं केली आणि शेवटी परतला. मग न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात घासून घासून शिकला आणि १९६३ मध्ये पुन्हा गेला, या खेपेला न्यूकॅसलला. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी तो ब्रिटनमधल्या प्रोव्हिन्शियल लीगचा सर्वोत्तम रायडर ठरला. तरी पहिलं विश्वविजेतेपद यायला १९६८ उजाडलं. शेवटचं मिळालं तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

'सर, थेट युरोपला जाऊ का?' असं पुण्या-कोल्हापूरकडची मुलं विचारतात. (मी सर नाही, दादा म्हणा.) नका जाऊ. आधी तिकडेच मोटोक्रॉसच्या मातीत वर्ष-दोन वर्षं लोळा. आयटीआयला फिटरचं काम शिकलात तर उत्तमच, कारण गाडी तुमची, इंजिन तुमचं, दुरुस्तीचा खर्चही बहुतेक वेळा तुमचाच. ब्रिटिश लीगमध्ये पैसे गुणांवर मिळायचे. पडलात की कमाई बंद, बिलं चालू. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. पिटमध्ये सिगारेट पेटवणाऱ्याला मी स्वतः बाहेर काढतो.

आणि क्लच. शर्यत बहुतेक वेळा पहिल्या वळणाआधीच ठरते. सुरुवातीच्या रेषेवर समोर आडव्या ताणलेल्या फिती वर गेल्या की क्लच सोडून सुटायचं. आधी शिवलात तर शिक्षा, उशीर केलात तर पुढच्याच्या चाकाची माती तोंडात. मॉगर सुटण्यात पक्का होता आणि गाडीच्या तयारीत तर वेडाच म्हणावा असा. मी आता रोज वीस वेळा नुसतं सुटण्याचा सराव करतो, वळणापर्यंत जातही नाही. कंटाळवाणं काम आहे. बघायला कुणी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्याच्या विजेतेपदांपेक्षाही आवडते. डेन्मार्कच्या ओले ओल्सनला त्याने शिकवलं आणि १९७१ च्या अंतिम फेरीत त्याच ओल्सनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर ढकललं. पुढच्या वर्षी वेम्बलीत मॉगर आणि बर्न्ट पेर्सन यांचे गुण सारखे झाले. जादा शर्यत झाली, ती मॉगरने मारली.

१९७० च्या सलग तिसऱ्या विश्वविजेतेपदानंतर दोन अमेरिकन चाहत्यांनी शब्द दिल्याप्रमाणे त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा दिला. तिचा फोटो मी काकांना पाठवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोन आला : "आतल्या क्लचप्लेटापण सोन्याच्या केल्यात काय रे?"