पॅटर्न लिहिला, मग गप्प बसलो

माझा पहिला डिझाइन पॅटर्न, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा येणारी एक अडचण आणि तिचं अनुभवातून ठरलेलं उत्तर, दोन पानांचा होता. लिहायला तीन रविवार गेले. मग एका शनिवारी दुपारी मित्राच्या बाणेरच्या फ्लॅटवर आम्ही सहाजण जमलो. बाकी पाचांच्या हातात त्या दोन पानांच्या छापील प्रती होत्या आणि पुढची ५५ मिनिटं मला जवळजवळ काहीच बोलायची परवानगी नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा माझी नऊ वर्षं झाली होती. पण आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला कळेल असं लिहायचं कसं, हे मला त्या तासाभरात कळलं. नुकते नोकरीला लागलेले, आणि आपण शिकलेलं कुठेतरी नीट मांडून ठेवावं असं वाटणारे जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पॅटर्न म्हटलं की आपल्याकडे आधी इंटरव्ह्यू आठवतो. सिंगलटन, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर पाठ करायचे आणि विचारलं की धडाधड सांगायचे. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांनी १९९४ साली २३ पॅटर्न एकत्र मांडले, तेच आपण घोकतो. कल्पना मात्र मुळात इमारतींची आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये २५३ पॅटर्न लिहिले, अख्ख्या शहराच्या रचनेपासून खिडकीपाशी बसायच्या जागेपर्यंत. पुन्हा पुन्हा पडणारा प्रश्न, त्यातली ओढाताण आणि ती सोडवणारी रचना, असा त्यांचा साचा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रॅमरांनी १९८७ मध्ये हा विचार सॉफ्टवेअरकडे वळवला. नवा शोध लागला म्हणून पॅटर्न लिहायचा नसतो. निरनिराळ्या ठिकाणी निदान तीनदा उपयोगी पडलेलं उत्तर असावं, असा या मंडळींचा दंडक. नवशिक्यांना हे ऐकून धीर यायला हवा. तुम्हाला अलौकिक काही सुचायची गरज नाही, नीट बघता यायला हवं.

माझा पॅटर्न पैसे भरण्याबद्दल होता. ग्राहक ॲपवर बटण दाबतो, सर्व्हरवर काम होतं, पण उत्तर परत येताना नेटवर्क जातं. ॲपला वाटतं काम झालंच नाही, ते पुन्हा विनंती पाठवतं आणि पैसे दोनदा कापले जातात. मी एका प्रोजेक्टवर हे स्वतः निस्तरलं होतं. उपाय असा, की प्रत्येक व्यवहाराला ॲपनेच एक वेगळा नंबर द्यायचा आणि कितीही वेळा पाठवलं तरी तोच नंबर पाठवायचा. सर्व्हरने नंबर आणि निकाल दोन्ही जपून ठेवायचे. तोच नंबर पुन्हा आला की नवं काम न करता जुना निकाल परत द्यायचा. नाव दिलं होतं ‘एकदाच कापा’.

शनिवारच्या आधी तो एका सिनियर सहकारिणीकडे दिला होता. पॅटर्नवाल्यांमध्ये या भूमिकेला शेफर्ड म्हणतात, म्हणजे मेंढपाळ. लेखकाला मजकूर लिहून द्यायचा नाही, नुसते प्रश्न विचारत त्याला वाटेवर ठेवायचं. साधारण तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत तिने एकच वाक्य पाठवलं: “तू आधी उत्तर लिहिलंस आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न बेतलास.” मला ते झोंबलं. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं आणि पटलं. प्रश्नाच्या परिच्छेदात मी उपायच वेगळ्या शब्दांत सांगितला होता. उपाय झाकून ठेवला तर वाचणाऱ्याला काही अडचण आहे हेच कळलं नसतं.

आता शनिवारकडे वळतो. ही पद्धत आमची नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ॲलर्टन पार्कला, पॅटर्न लिहिणाऱ्यांची ‘प्लॉप’ ही पहिली परिषद भरली. तिथे व्यासपीठावरून भाषण आणि मग प्रश्नोत्तरं, असं ठेवलं नाही. रिचर्ड गेब्रियल हे लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मोठं नाव आणि कविता लिहिणारा माणूस. कवी-लेखक आपलं लेखन जसं एकमेकांसमोर ठेवतात, ती रीत त्यांनी इथे आणली. युरोपातले लोक १९९६ पासून बव्हेरियातल्या इर्से इथल्या जुन्या मठात यासाठी जमू लागले. मी या ठिकाणी गेलेलो नाही. पण रीत इतकी साधी आहे की दिवाणखान्यातही चालते.

सगळ्यांनी आधी वाचून यायचं. लेखक सुरुवातीला आपल्या पसंतीचा एखादा परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि मग वर्तुळाबाहेरच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याचं नावही घ्यायचं नाही, ‘लेखक’ म्हणायचं, त्याच्याकडे बघायचंही नाही. एकजण सूत्रधार असतो. पहिल्यांदा कोणीतरी मजकूर आपल्या शब्दांत सांगतो. मग काय चांगलं आहे, काय बदलू नये, ते. त्यानंतर काय सुधारता येईल ते, आणि तेही सूचना म्हणून. एकाने सांगितलेलं दुसऱ्याने उगाळायचं नाही. आमच्याकडे त्यासाठी ‘मम’ म्हणतात, पूजेत यजमान म्हणतो तसं.

माझा मजकूर आपल्या शब्दांत सांगायचं काम एका टेस्टर मुलाकडे आलं. तो म्हणाला, “डेटाबेसमध्ये एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी झाल्या तर त्यातली एक कशी काढायची, याबद्दल हा पॅटर्न आहे.”

साफ चूक. मी जवळजवळ उठलोच होतो. सूत्रधाराने नुसता हात वर केला, मी बसलो. मग हातातली प्रत वाचली. पहिलंच वाक्य होतं: ‘डुप्लिकेट नोंदींमुळे ग्राहकाला त्रास होतो.’ मी जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं होतं. पैसे, बटण, गेलेलं नेटवर्क हे सगळं माझ्या डोक्यात राहिलं होतं, कागदावर आलंच नव्हतं. कोड रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्याने समोर बसून कोड तपासणं, असता तर मी तिथेच उत्तर दिलं असतं, त्यानेही मान डोलावली असती आणि वाक्य तसंच राहिलं असतं. पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मी खुलासा करायला बसणार नसतो. म्हणून लेखकाला गप्प बसवतात, आणि माझ्या मते या पद्धतीचं सगळं बळ त्यातच आहे.

मग चर्चा रंगली. एकीने विचारलं, नंबर नेमका कधी तयार होतो? बटण दाबल्यावर होत असेल, तर अधीर होऊन दोनदा दाबणाऱ्याचे दोन नंबर होतील आणि पैसे पुन्हा दोनदाच जातील. म्हणजे तो बिलाचं पान उघडतानाच व्हायला हवा. मला हे माहीत होतं, आमच्या कोडमध्ये तसंच होतं, मजकुरात नव्हतं. दुसरा म्हणाला, पहिलं काम अजून चालू असताना त्याच नंबरची दुसरी विनंती आली तर? तिसऱ्याने विचारलं, नंबर तोच पण रक्कम वेगळी आली तर? तेव्हा जुना निकाल देणं धोक्याचं, विनंती नाकारायलाच हवी. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नंबर किती काळ जपायचा यावर. कायमचे ठेवले तर साठा फुगतो. तासाभरात पुसले तर रात्रभर बंद पडलेला फोन सकाळी जुनी विनंती पुन्हा पाठवतो आणि ती नवी समजली जाते. मी मजकुरात ‘२४ तास’ असं ठोकून दिलं होतं, कारण आमच्याकडे तेवढं होतं. या ओढाताणीला इंग्रजीत ‘फोर्सेस’ म्हणतात आणि माझा तो परिच्छेद सर्वांत कोरडा होता. त्या दिवशी लोक मराठीत भांडले म्हणून तो जिवंत झाला. “अरे, पण स्टोरेजचं बिल कोण भरणार?” इथपासून सुरू झालं. तुम्हीही पॅटर्न इंग्रजीत लिहीत असाल, तरी ओढाताणीचा भाग आधी आपल्या भाषेत कोणाला तरी बोलून दाखवा. लपलेले ‘पण’ आणि ‘मात्र’ आपोआप बाहेर येतात.

शेवटी कोणीतरी हळूच म्हणालं, की याला आधीच नाव आहे. ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ मध्ये ‘आयडेम्पोटंट रिसीव्हर’, म्हणजे तीच विनंती कितीदाही आली तरी परिणाम एकदाच घडू देणारा, म्हणून हे मांडलंय. माझा चेहरा पडला असणार. पण पुढचंच वाक्य होतं, की लेखकाने तो आधार म्हणून घ्यावा आणि आपलं लिखाण नंबर कोणी, कधी बनवायचा आणि किती दिवस जपायचा एवढ्यापुरतं ठेवावं. दोन पानांतलं अर्धं गेलं. उरलं ते खरं माझ्या अनुभवातलं होतं. नवशिक्यांनो, आपला पॅटर्न आधीच कोणीतरी लिहिलेला निघाला तर फाडून टाकू नका, तुमच्या वाटणीची बाजू कुठली ते शोधा.

सगळं झाल्यावर लेखकाला वर्तुळात घेतात. त्याने बचाव करायचा नाही, न समजलेलं तेवढं विचारायचं. मग सगळे उठून टाळ्या वाजवतात. पाच माणसांच्या टाळ्या, तरी मला भरून आलं. दोन पानांवर कोणी इतका वेळ दिला नव्हता. घरी जाऊन त्याच रात्री बदल लिहायला घेतले, कारण टिपणं दोन दिवसांनी वाचली की आवाज विसरलेले असतात.

एक सावधगिरी. गटात तुमच्या अप्रेझलवर सही करणारा साहेब नको. आमच्या एका बैठकीला तसे एकजण आले आणि ‘काय चांगलं आहे’ या भागातच तास संपला.

पॅटर्नची आता सातवी आवृत्ती चालू आहे. पहिलं वाक्य असं झालंय: ‘ग्राहकाने पैसे भरले, पण भरले गेले हे त्याच्या फोनला कळलंच नाही.’ गेल्या महिन्यात दुसऱ्या टीममधल्या, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने ते वाचून विचारलं, “पैसे परत करताना तोच नंबर वापरायचा की नवा?” मजकुरात याचं उत्तर नाही. तिला येत्या शनिवारी बाणेरला बोलावलंय, आणि तो परिच्छेद तिनेच लिहून आणावा असं सांगितलंय. वर्तुळाबाहेरची खुर्ची या वेळी तिची.