घरात शहाबादी टाकायची असेल तर

बार्शीकडे मी लहान घरांची बांधकामं करून घेते. फरशीचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ताई, शहाबादी काय, ती अंगणाला! आत टाइल्सच बसवू." मला हे पटत नाही. उन्हाळ्यात अनवाणी पायाला गार लागणारी, पाटा-वरवंटा सोसणारी आणि आमच्या भागात स्वस्तात मिळणारी दुसरी फरशी मला माहीत नाही. शहाबादीची बहुतेक बदनामी दगडामुळे नाही, ती बसवणाऱ्याच्या घाईमुळे झाली आहे.

शहाबाद हे गाव कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला चुनखडक थराथरांचा असल्यामुळे त्याच्या सपाट लाद्या निघतात. शेजारच्या वाडी या गावाला सिमेंटचे कारखाने आहेत तेही याच चुनखडकावर. राजस्थानातला कोटा, तेलंगणातला तांदूर, आंध्रातला काळा कडप्पा हे सगळे चुनखडकच. यातला कुठला घ्यायचा हे बरंचसं वाहतुकीवर ठरतं. सोलापूर-लातूरकडे शहाबादी परवडते, खानदेशात कोट्याचाही भाव विचारून बघा. चौरस फुटाचा दर ठरवताना भाडं आणि हमाली धरून बोला.

वखारीत जाताना मिस्त्रीला बरोबर न्या आणि पाण्याची बादली मागून घ्या. फरशी उभी धरून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे किंवा थर सुटलाय. मग तिच्यावर पाणी ओता. ओल्या दगडाचा खरा रंग दिसतो. पुढे दोन-तीन मिनिटं थांबलात तर आणखी एक गोष्ट दिसते: पृष्ठभाग सुकत जातो, पण केसाएवढी चीर असेल तर तेवढीच रेघ काळी, ओली राहते. ती फरशी बाजूला काढा. कडेला नखानं पापुद्रा निघत असेल तर तीही नको. पांढरी शीर दिसायला छान असते, पण ती आरपार गेली असेल तर ठोकताना फरशी तिथेच तुटते.

दहा बाय बाराच्या खोलीला १२० चौरस फूट लागतात. कापाकापी आणि तूटफूट धरून १३० घ्या. २५ मिलिमीटर जाडीची फरशी चौरस फुटाला साधारण ६ किलो भरते, म्हणजे एका ब्रासचे (१०० चौरस फुटांचे) ६०० किलो. वरच्या मजल्यावर टाकायची असेल तर हा बोजा आणि खालच्या सिमेंट-वाळूच्या मालाचं वजन इंजिनिअरला आधी सांगा. गाडीतून उतरल्यावर फरश्या आडव्या रचू नका, भिंतीला उभ्या टेकवा. त्याच वेळी जाड आणि पातळ वेगळ्या करा. हातघडणीच्या मालात जाडी एकसारखी नसते. जाड फरश्या एका खोलीत आणि पातळ दुसरीत गेल्या की मिस्त्रीचं निम्मं काम हलकं होतं.

आता पाया, आणि यावर मी हटून बसते. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जोत्यात तीच भरली तर वरची कुठलीही फरशी उचलणार. काळी माती काढून टाका, मुरूम भरा, दर सहा इंचांच्या थरावर पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करा. त्यावर दगडाचं सोलिंग आणि तीन-चार इंच काँक्रीट. घरमालक इथे पैसे वाचवायला बघतात. वाचवायचेच असतील तर पॉलिशवर वाचवा.

फरशी लावताना दारापासून सुरुवात करा. अख्खी फरशी उंबऱ्याशी आणि कापलेले तुकडे समोरच्या भिंतीखाली, म्हणजे ते पलंग-कपाटाखाली झाकतात. पाण्याच्या नळीनं सगळ्या खोल्यांची पातळी एकदाच काढा, मग दोरी ताणा. माल एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, जाडी सरासरी पाऊण ते एक इंच. फरशी आधी भिजवून घ्या, मालावर ठेवा, लाकडी ठोकळ्यानं हलकं ठोका आणि परत उचला. हे उचलणं बरेच जण टाळतात. उचलल्यावर मालावर तिचा ठसा दिसतो. जिथे माल चेपलेला नाही तिथे खाली पोकळी आहे. तिथे थापीनं माल भरा, वरून सिमेंटचा घोळ ओता आणि मगच कायमची बसवा. पोकळी राहिली तर भरलेला सिलिंडर आपटला की फरशी बरोबर तिथेच फुटते.

न्हाणीत आणि अंगणात पाच फुटांना एक इंच ढाळ द्या. तिथे पॉलिश नकोच, खडबडीत राहू द्या. ओल्यात म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरत नाही.

मशीनकट मालाला दोन फरश्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची दरज पुरते, हातघडणीला जास्त लागते. दरजा भरताना सांडलेलं सिमेंट ओल्या पोत्यानं तेव्हाच पुसा. कारण नंतर कामगार डाग काढायला ऍसिड आणतात आणि चुनखडकाचं ऍसिडशी मुळीच जमत नाही. तुटक्या तुकड्यावर थेंब टाकून बघा, फेस येतो. तो फेस म्हणजे दगडच विरघळतोय. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड ठेवल्यावर चमक गेलेलं पांढुरकं वर्तुळ उरतं, तेही याचमुळे. म्हणून संडास साफ करायचं ऍसिड या फरशीवर कधीच वापरू नका. रोज साधं पाणी, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. तेल सांडलं तर पुसून लगेच खडूची पूड टाका आणि रात्रभर राहू द्या.

लावल्यावर सात दिवस पाणी मारा, वर सामान ठेवू नका. पॉलिश हवंच असेल तर त्यानंतर मशीननं जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासून घ्या. फरशी आरपार एकाच दगडाची असल्यामुळे वीस वर्षांनी झिजली तरी पुन्हा घासून नवी करता येते, टाइलचा वरचा थर गेला की ती गेलीच. आणि घासताना जो राखाडी राडा निघतो तो मोरीत सोडू देऊ नका. पाइपात बसून तो घट्ट होतो. पत्र्याच्या घमेल्यात भरून बाहेर टाकायला लावा.