हप्त्यांनी घेतलेल्या जागेचा मालक कोण?

कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर बँकेचंच, असं अनेकांना वाटतं. कायद्याने तसं नाही. नोंदणीकृत खरेदीखत तुमच्या नावे झालं की मालक तुम्ही. बँक मूळ कागद ठेवून घेते ती गहाणदार म्हणून, म्हणजे घर तिच्याकडे तारण असतं म्हणून.

खरा धोका आहे थेट विकणाऱ्यालाच हप्ते देण्यात. निम्मे पैसे दिले, साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झालं, ताबा मिळाला, तरी मालक तोच राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 नुसार नुसत्या विक्रीकराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. सोबत कुलमुखत्यारपत्र घेतलं तरी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगितलं.

म्हणून पहिला हप्ता देण्याआधी वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) घ्या आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा (कर्ज किंवा इतर देण्याची नोंद) आहे का ते पाहा. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, नोटरीवर भागवू नका. 2001 पासून अनोंदणीकृत करारावर याच कायद्याच्या कलम 53-अ चं ताब्याचं संरक्षण मिळत नाही. ताब्यासह साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं. पुढे खरेदीखत करताना ते वजा होतं. हे शुल्क वाचवायला लोक कच्च्या कागदावर ताबा घेतात आणि तिथेच फसतात.

करारात खरेदीखताची तारीख लिहा आणि ती लक्षात ठेवा. विकणारा टाळू लागला, तर करारपूर्तीचा दावा त्या तारखेपासून 3 वर्षांत लावावा लागतो. तोंडी 'पुढच्या दिवाळीला करू' म्हणत हीच मुदत निघून जाते. प्रत्येक हप्ता चेकने किंवा बँकेतूनच द्या.

विकणारा तयार असेल, तर आधी खरेदीखत करून घेणं अधिक चांगलं. मालकी तुमची होते आणि बाकी रकमेसाठी त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे त्याचा मिळकतीवर बोजा राहतो, त्यामुळे तोही सुरक्षित. बाकी फिटली की त्याची लेखी पोचपावती घ्या.

बँकेचं कर्ज फिटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे (1 डिसेंबर 2023 पासून) मूळ कागद 30 दिवसांत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद हातात आले तरी सातबाऱ्यावरचा किंवा सोसायटीच्या दप्तरातला बोजा आपोआप उतरेल असं धरू नका. बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला जोडून तसा अर्ज द्या आणि नवा उतारा काढून खात्री करा.