डिसेंबरचा प्रवास सप्टेंबरमध्ये ठरवा: अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील विद्यापीठांचे पहिले सत्र साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि डिसेंबरच्या मध्यास संपते. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीत मायदेशी किंवा अन्यत्र जायचे असेल, तर त्याची आखणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. तिकिटांचे दर वाढतात हे याचे सर्वांत किरकोळ कारण आहे. खरे कारण असे की या प्रवासाच्या दोन्ही टोकांच्या तारखा आपल्या हातात नसतात. निघण्याची तारीख कामाच्या जबाबदारीवर अवलंबून असते आणि परतण्याची तारीख कागदपत्रांवर. अभ्यासाचे वेळापत्रक या दोन टोकांच्या मध्ये बसवायचे असते. पण बहुतेक विद्यार्थी नेमके उलट करतात आणि मग नोव्हेंबरमध्ये सगळेच एकदम अंगावर येते.

परीक्षेचा शेवटचा दिवस पाहून दुसऱ्याच दिवशीचे विमान पकडण्याची चूक पहिल्या वर्षी सर्रास होते. टीचिंग असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे सत्र स्वतःच्या शेवटच्या पेपरला संपत नाही. ज्या विषयासाठी तो काम करतो त्या विषयाची परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात आणि रजिस्ट्रारने दिलेल्या मुदतीत गुण भरावे लागतात. त्यानंतरही एखाद्या विद्यार्थ्याची तक्रार निघते आणि प्राध्यापक उत्तरपत्रिका पुन्हा मागवतात. म्हणून शैक्षणिक दिनदर्शिकेत पाहायची तारीख म्हणजे गुण भरण्याची अंतिम तारीख, आणि विमान तिच्यानंतर किमान एक दिवस सोडून असावे. ही दिनदर्शिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बरीच आधी उपलब्ध असते, त्यामुळे ती पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

रिसर्च असिस्टंटची अडचण वेगळी असते. वर्ग नसले तरी त्याची नेमणूक अनेकदा सुट्टीतही चालू असते आणि त्या काळाचे मानधनही मिळत असते. विद्यापीठाची सुट्टी म्हणजे आपलीही सुट्टी, असे त्याने परस्पर गृहीत धरू नये. नेमणुकीच्या पत्रात रजेबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी विचारावे. त्या ईमेलमध्ये आर्जव किंवा लांबलचक कौटुंबिक खुलासा नसला तरी चालते. जाण्या-येण्याच्या तारखा, जाण्यापूर्वी पूर्ण होणारे काम, मागे चालू राहणाऱ्या प्रयोगाची किंवा सर्व्हरची देखरेख करणारा सहकारी आणि आपण कोणत्या वेळी संपर्कात असू, एवढे चार मुद्दे पुरतात. घरच्या लग्नाचे निमित्त सांगितल्यावर न मिळणारी रजा असा ईमेल पाहून सहज मिळते, कारण प्राध्यापकांना काळजी कामाची असते आणि तिचे उत्तर आपण आधीच दिलेले असते.

सुट्टीत मायदेशातून काम चालू ठेवण्याचे आश्वासन मात्र सहसा देऊ नये. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास आणि कॅलिफोर्नियाचे साडेतेरा तास मागे असते. बॉस्टनमधील दुपारी दोनची बैठक पुण्यात रात्री साडेबाराला येते. शिवाय परदेशातून केलेल्या कामाचे वेतन देण्यास किंवा विद्यापीठाचा लॅपटॉप आणि संशोधनातील विदा देशाबाहेर नेण्यास काही विद्यापीठे आधी परवानगी घ्यायला लावतात. एखादे छोटे, नेमके काम सोबत घ्यावे, उदाहरणार्थ लेखाच्या एका प्रकरणाची दुरुस्ती. संपूर्ण प्रबंध सोबत घेऊन जाणारा माणूस तो न उघडताच परत येतो.

वीस तासांचा हिशेब

एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला फार तर २० तास काम करता येते. या नियमाचे दोन भाग नीट लक्षात ठेवावेत. पहिला असा की ही मर्यादा प्रत्येक नोकरीची नसून सर्व नोकऱ्यांची मिळून आहे. ज्याची असिस्टंटशिप ‘फिफ्टी पर्सेंट’ म्हणजे आठवड्याला २० तासांची आहे, त्याला ग्रंथालयाच्या काउंटरवरील चार तासांचे कामही घेता येत नाही. दहा तासांची असिस्टंटशिप असणाऱ्याला आणखी दहा तासांपर्यंत मुभा असते. दुसरा भाग असा की मोजणी आठवड्याची आहे, सरासरीची नाही. प्रवासासाठी पैसे साठवायचे म्हणून एका आठवड्यात २५ तास आणि पुढच्या आठवड्यात १५ तास काम केले, तर पहिल्या आठवड्यात नियमभंग झालेलाच असतो. व्यवस्थापक जादा पाळी प्रेमाने देऊ करतो, पण व्हिसा त्याचा नसतो.

अधिकृत सुट्टीच्या काळात, पुढील सत्रात शिकण्याचा इरादा आणि पात्रता असेल, तर आवारात पूर्णवेळ काम करता येते. या सवलतीवरच प्रवासाचे आर्थिक गणित बसवावे. चार आठवड्यांच्या सुट्टीपैकी दीड-दोन आठवडे पूर्णवेळ काम आणि उरलेले दिवस प्रवास, ही विभागणी सत्राच्या ऐन मध्यात तासांची ओढाताण करण्यापेक्षा केव्हाही बरी. थँक्सगिव्हिंगचा आठवडा (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो) किंवा मार्चमधील स्प्रिंग ब्रेक या मुभेत मोडतो की नाही, आणि परीक्षा आठवड्याच्या मध्येच संपली तर तो आठवडा कसा मोजायचा, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओंना (एफ-१ विद्यार्थ्यांची कागदपत्रे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) ईमेलवर विचारावे आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे. वेतनासाठीचे टाइमशीट निघण्यापूर्वी भरावे. ते राहिले तर पगार रखडतो आणि तोही प्रवासात, म्हणजे पैशांची सर्वाधिक गरज असतानाच.

आवाराबाहेरचे काम परवानगीशिवाय करूच नये. ॲपवरून खाद्यपदार्थ पोहोचवणे, ओळखीच्या माणसाच्या दुकानात रोखीने काम करणे, अशा गोष्टी सुट्टीत ‘सगळेच करतात’ म्हणून सांगितल्या जातात. एरवी एफ-१ दर्जा गमावलेल्या विद्यार्थ्याला तो पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, पण विनापरवाना नोकरी केली असेल तर तो मार्ग बंद होतो. उन्हाळी इंटर्नशिप सीपीटीखाली (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याच्या परवानगीखाली) करायची असल्यास त्या कंपनीचे नाव आणि तारखा असलेला नवा आय-२० (विद्यापीठ देते ते विद्यार्थी-पात्रतेचे प्रमाणपत्र) हातात आल्यावरच कामाला सुरुवात करावी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली, तर त्याच पातळीवरील शिक्षणानंतर मिळणारी ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काही काळ काम करण्याची परवानगी, हातची जाते, हेही मोजून ठेवावे.

कागदपत्रे, आणि मुख्यतः व्हिसा

देशाबाहेर पडण्यापूर्वी आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओंची प्रवासासाठीची स्वाक्षरी असावी लागते. शिकत असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती १२ महिने चालते. ओपीटीवर असणाऱ्यासाठी ६ महिने. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या स्वाक्षरीसाठी अर्जांचा ढीग लागतो, म्हणून ती ऑक्टोबरमध्येच घ्यावी. मोजायचे ते परतण्याच्या दिवसाचे अंतर, निघण्याच्या दिवसाचे नव्हे. पासपोर्टची मुदतही परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

व्हिसाबद्दलचा गोंधळ मुळातून दूर करणे आवश्यक आहे. पासपोर्टवरील व्हिसा हा अमेरिकेच्या दारात उभे राहण्याचा परवाना आहे. आत राहण्याचा अधिकार आय-२०, आय-९४ ची (अमेरिकेतील प्रवेशाची) नोंद आणि पूर्णवेळ शिक्षण यांवर टिकतो. म्हणून व्हिसाची मुदत संपली तरी अमेरिकेत शिक्षण सुरू ठेवता येते, पण एकदा बाहेर पडल्यावर नव्या व्हिसाशिवाय सहसा परत येता येत नाही. एच-४ सारख्या (अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला किंवा मुलांना मिळणाऱ्या) अन्य दर्जावरून अमेरिकेतच एफ-१ मध्ये बदल करून घेतलेल्यांकडे एफ-१ चा व्हिसा मुळात नसतोच. पहिल्या परदेश प्रवासात त्यांना तो काढावा लागतो, आणि ही गोष्ट कित्येकांना तिकीट काढल्यावर आठवते.

नवा व्हिसा हवा असेल, तर हिवाळ्याची सुट्टी त्यासाठी अपुरी पडू शकते, हे स्पष्टपणे मान्य करावे. २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक अर्जदारांची मुलाखतीतून सूट काढून घेण्यात आली आहे, त्यामुळे ‘ड्रॉपबॉक्स’चा, म्हणजे मुलाखतीशिवाय कागदपत्रे जमा करून व्हिसा घेण्याचा, जुना सल्ला आता कामाचा नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अर्जदारांनी नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखतीची वेळ घ्यावी असे सांगितले. तिसऱ्या देशात सहलीला जाऊन तिथेच व्हिसा काढण्याचा बेत त्यामुळे आखू नये. भारतात हे काम दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे होते, आणि मुलाखतीपूर्वी बोटांचे ठसे व छायाचित्रासाठी व्हिसा अर्ज केंद्रात वेगळी भेट द्यावी लागते. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरून मुलाखतीची वेळ मिळाल्यावरच तिकीट काढावे. मुलाखतीनंतर पासपोर्ट हाती येण्यास काही दिवस लागतात. अर्ज ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’मध्ये, म्हणजे अधिक छाननीसाठी, गेला, तर त्याला ठरलेली मुदत नसते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही शाखांतील विद्यार्थ्यांना याचा अनुभव अधिक येतो. अशा वेळी सत्र सुरू होऊन जाते आणि विद्यार्थी मायदेशीच अडकतो. ऑनलाइन वर्ग करून निभावून नेऊ, असा विचार येतो, पण एफ-१ साठी एका सत्रात ऑनलाइन शिक्षणाचा एकच विषय किंवा ३ क्रेडिट्स पूर्णवेळ अभ्यासात धरता येतात. म्हणून व्हिसाचे काम असलेल्यांनी शक्यतो उन्हाळ्यातील मोठी सुट्टी निवडावी. तेव्हा नव्या विद्यार्थ्यांची गर्दी असते हे खरे, पण हाताशी आठवडे असतात. घरच्या ओढीने डिसेंबरातच जायचे ठरवले, तर सत्राला उशीर झाल्यास काय करायचे हे मार्गदर्शक आणि डीएसओ यांच्याशी निघण्यापूर्वी बोलून ठेवावे.

व्हिसा संपला आहे पण थोडी भटकंती हवी, अशांसाठी एक सोय आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोला आणि क्युबा वगळता जवळच्या बेटांना ३० दिवसांपर्यंतची भेट देऊन, वैध आय-२० आणि आय-९४ असल्यास, मुदत संपलेल्या व्हिसावरही परत येता येते. त्या भेटीत नव्या व्हिसासाठी अर्ज मात्र करू नये, कारण तसे केल्यास ही सोय लागू होत नाही. यात फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. परत येण्याची सोय अमेरिकेने दिली, म्हणून त्या देशाने आत घ्यावे असे नाही. भारतीय नागरिकाला कॅनडासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. मेक्सिको वैध अमेरिकी व्हिसा असणाऱ्याला आपला व्हिसा मागत नाही, पण आपला तर संपलेला असतो. मायदेशी जातानाही हीच गोष्ट आडवी येऊ शकते: युरोपातील काही विमानतळांवर केवळ विमान बदलण्यासाठी लागणाऱ्या ट्रान्झिट व्हिसातून वैध अमेरिकी व्हिसावाल्याला सूट असते, संपलेल्या व्हिसावाल्याला ती असेलच असे नाही. तिकीट स्वस्त दिसले म्हणून घेण्यापूर्वी मधल्या थांब्याचा नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचावा.

अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणे तुलनेने सोपे आहे. हवाई आणि प्युर्टो रिको येथील प्रवासही देशांतर्गतच धरला जातो. तरीही पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ ची छापील प्रत जवळ असावी, कारण सीमेलगतच्या भागात बस आणि रेल्वेतही तपासणी होऊ शकते.

निघण्यापूर्वीचा महिना आणि परतीचा आठवडा

नोव्हेंबरमध्ये अभ्यासाची आखणी निघण्याच्या तारखेपासून मागे मोजत करावी. सत्राचे निबंध आणि प्रकल्प अंतिम मुदतीच्या आठवडाभर आधी संपवण्याचे ठरवावे. थँक्सगिव्हिंगचे चार दिवस त्यासाठी फार उपयोगी पडतात, आणि त्या दिवसांत दूरची सहल काढणाऱ्याला डिसेंबर जड जातो. माझ्या मते नोव्हेंबरची आणि डिसेंबरची अशा दोन्ही सहली एकाच सत्रात करू नयेत. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ३.० जीपीए (सरासरी गुणांक) राखणे आवश्यक असते आणि असिस्टंटशिपही त्यावर अवलंबून असते.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी ते सुट्टीत उघडे असते का, हे विचारावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी थंड प्रदेशात हीटर पूर्ण बंद करून जाऊ नये. तापमान साधारण ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे, नाहीतर पाण्याचे नळ गोठून फुटतात आणि वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट खर्च होतो. खोली पोटभाड्याने देण्यापूर्वी भाडेकरार वाचावा. विद्यापीठाचा आरोग्य विमा परदेशात चालतो का, हेही पाहून घ्यावे.

परतीचे विमान सत्र सुरू होण्याच्या किमान चार दिवस आधीचे असावे. अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशनची तपासणी होते, सामान ताब्यात घेऊन सहसा पुन्हा जमा करावे लागते, आणि कधी अधिक चौकशीसाठी आतल्या खोलीत बसावे लागते. म्हणून पुढच्या विमानासाठी तीन तासांचे अंतर ठेवावे. अबू धाबी किंवा डब्लिनमार्गे आल्यास ही तपासणी तिथेच उरकते. पासपोर्ट, आय-२०, गुणपत्रक आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा हातातील पिशवीत असावा, चेक-इन केलेल्या सामानात नव्हे. अमेरिकेतील घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी आय-९४ ची नवी नोंद ऑनलाइन उघडून नाव, पासपोर्ट क्रमांक, एफ-१ हा वर्ग आणि मुक्कामाची मुदत तपासावी आणि चूक आढळल्यास लगेच डीएसओंना कळवावे. वर्ग सुरू झाले की २० तासांची मर्यादा पुन्हा लागू होते, तेव्हा सुट्टीतील पूर्णवेळ पाळ्या त्याआधीच वेळापत्रकातून काढून टाकायला व्यवस्थापकाला सांगावे.