पोकळ वाजणारा दगड

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर जैसलमेरचा पिवळा दगड लावून तीनच वर्षं झाली होती. जुलैच्या पावसात वरच्या ओळीतली एक लादी निसटून थेट पायरीवर पडली. दोन फूट बाय एक फूट, २० मिमी जाड, म्हणजे नऊ-दहा किलोचं वजन. तिथे रोज संध्याकाळी आई बसते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी नाण्याने एकेक लादी वाजवून पाहिली. निम्म्याहून जास्त बद्द वाजत होत्या. पडलेल्या लादीची पाठ पाहिली आणि कारण कळलं: पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे, मधे सगळी पोकळी, आणि दगडावर कटाईची पांढरी भुकटी तशीच. पोकळीत पाणी साचायचं, उन्हात दगड फुगायचा, पकड सुटायची.

पाऊस संपल्यावर सगळं उतरवलं. पकड मिळावी म्हणून गुळगुळीत प्लास्टरला टाचे मारले, दगडांच्या पाठी ब्रशने धुऊन वाळवल्या. बाहेरच्या दगडासाठीचं पॉलिमरयुक्त अॅडहेसिव्ह (गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून घ्या) दातेरी थापीने भिंतीवर आणि दगडाच्या पाठीवरही पूर्ण पसरवलं. शिवाय प्रत्येक लादीला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प, थेट विटांत. कोकणात असाल तर खाऱ्या हवेसाठी ३१६च घ्या.

गवंडीमामा म्हणाले, "सांधे ठेवू नका, चिकटून बसवू." मी ऐकलं नाही. तीन मिमीची फट ठेवली, वर पॅरापेटला उतार देऊन पाणी मागे शिरण्याची वाट बंद केली.

दोन पावसाळे झाले. दर दिवाळीआधी मी नाणं घेऊन भिंत वाजवतो.