पोलीस सुधारणा आणि वस्तीच्या सुरक्षेचा खर्च: चर्चेला बसताना या चुका टाळा

सोसायटीची वार्षिक सभा असो, ग्रामसभा असो की मोहल्ला समिती, चोऱ्यांचा विषय निघाला की बघता बघता दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोलिसांना मोकळा हात द्या. दुसरा म्हणतो, सगळे पैसे खातात. तासभर आवाज चढतात आणि शेवटी ठराव होतो कॅमेऱ्यांचा: घरटी इतकी वर्गणी. पोलीस सुधारणेचा मुद्दा तिथेच राहून जातो. सरकारने काय द्यायचं आणि वस्तीने स्वतः काय उभं करायचं, हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले जातात. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

अमेरिकेतली घोषणा उचलून आणणं

2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाकडून हत्या झाली आणि 'पोलिसांचा निधी काढून घ्या' ही मागणी जगभर पोचली. आपल्याकडच्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यातही ती आली. त्यांची तळमळ खरी आहे, पण तिथली रचना वेगळी आहे. तिथे पोलीस दल शहराचं असतं आणि त्याचं अंदाजपत्रक नगर परिषद मंजूर करते. म्हणूनच 2021 च्या नोव्हेंबरात पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचं की नाही, यावर त्या शहरातल्या लोकांना थेट मत देता आलं. त्यांनी तो प्रस्ताव फेटाळला.

आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय. मुंबईचा नगरसेवक पोलीस ठाण्यात एक शिपाईसुद्धा वाढवू शकत नाही. पगार, भत्ते, निवासस्थानं हा सगळा खर्च राज्याच्या गृह खात्यातून होतो. जिल्ह्यात गाड्या आणि कॅमेरे यांच्यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधीही वापरला जातो आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. त्यामुळे निधीवर बोलायचं असेल तर पत्र आमदार आणि पालकमंत्र्यांच्या नावे लिहा. नगरसेवकाकडे रस्त्यावरचे दिवे मागा, अंधाऱ्या गल्लीत त्यांचा उपयोग मोठा आहे.

पोलीस ठाण्याच्या खर्चासाठी वर्गणी काढणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची, कारण ती चांगल्या मनाने होते. ठाण्यात बसायला धड खुर्च्या नाहीत, गस्तीची गाडी बंद पडली आहे, हे दिसतं आणि कुणीतरी म्हणतं, आपणच देऊ. वस्तीला जमलं नाही तर एखादा बिल्डर किंवा हॉटेलवाला पुढे येतो. उद्या त्याच बिल्डरविरुद्ध तुमची तक्रार असेल तेव्हा ती घेणारा अधिकारी त्यानेच दिलेल्या खुर्चीवर बसलेला असेल. अधिकारी प्रामाणिक असला तरी तुमच्या मनात शंका राहणारच. आणि शेजारची झोपडपट्टी, जिला काहीच देता येत नाही, तिची गस्त कोण घालणार? कर सगळेच भरतात. पोलिसांचा नेहमीचा खर्च करातूनच झाला पाहिजे.

नफ्यासाठी केलेल्या कार्यक्रमाला बंदोबस्त लागला तर त्याचे पैसे आयोजकाने मोजायचे, हे बरोबरच आहे. क्रिकेट सामन्यांसाठी असं शुल्क ठरलेलं आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने ते कमी केलं, तेही 2011 पासूनच्या सामन्यांना लागू होईल असं, आणि प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात गेलं. निधीवर वाद घालायचाच असेल तर असे निर्णय सभेत मांडा. एका ठिकाणी सामन्यांच्या थकबाकीला सूट आणि दुसऱ्या ठिकाणी गस्तीला गाडी नाही, या दोन्हींवर एकाच सरकारला प्रश्न विचारता येतो.

दिलेला पैसा कुठे गेला, हेही विचारत राहावं लागतं. महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेली काही वाहनं लोकप्रतिनिधींच्या सुरक्षा ताफ्यात गेल्याच्या बातम्या 2022 च्या डिसेंबरात आल्या होत्या.

वस्तीचा पैसा वस्तीच्याच गोष्टींवर खर्च करा: फाटक, दिवे, रखवालदार. एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना आहे का, ते आधी बघा. किंवा 1981 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुरक्षा रक्षक मंडळाकडून माणसं घ्या. स्वस्त पडतो म्हणून एकाच माणसाला बारा-बारा तास उभं करणारी सोसायटी पोलिसांच्या कामाच्या तासांवर बोलते, तेव्हा तिच्या बोलण्याला वजन राहत नाही.

कॅमेरे बसले की काम झालं असं मानणं

26/11 च्या हल्ल्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांचं जाळं हवं असं सांगितलं, आणि ते पुरं व्हायला 2016 उजाडलं. आपल्या सोसायटीत आठ दिवसांत बसतात, पण चोरी झाल्यावर कळतं की डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद आहे किंवा रेकॉर्डिंग आठवड्याभराचंच राहतं. ठरावातच लिहा: रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं, दर आठवड्याला कोण तपासणार, फुटेज कुणाला आणि कोणत्या अर्जावर द्यायचं, देखभालीचा वार्षिक करार कोणत्या फंडातून.

सोबत पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचीही चौकशी करा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडी आणि व्हरांड्यासकट, कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण 18 महिने जपण्याचा दंडक घातला. नागरिकांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आपण वर्गणी काढतो. कोठडीतल्या माणसाला वाचवू शकणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मात्र सभेत कुणी विचारत नाही.

'माणसं कमी आहेत' इथेच थांबणं

माणसं कमी आहेतच. पण मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली ठाण्यात किती आणि मुख्यालयात, व्हीआयपी बंदोबस्तात, कोर्टाच्या कामात किती, हे वेगळं केल्याशिवाय त्या वाक्यातून काही निघत नाही. 2016 मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर शहरातल्या इतर ठाण्यांत नेला गेला. कल्पना एका शिपायाची होती. तुमच्या सभेतही कॉन्स्टेबलना, त्यांच्या घरच्यांना बोलतं करा. सुधारणा म्हणजे पोलिसांना धारेवर धरणं, एवढाच अर्थ मग राहत नाही.

असलेला कायदा न वाचता नवा मागणं

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी 1996 मध्ये केलेल्या याचिकेवर 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणेचे सात निर्देश दिले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून त्यांतले बरेच आपल्या पद्धतीने बसवले. त्या कायद्याप्रमाणे निरीक्षकाला एका ठाण्यात साधारणपणे दोन वर्षं मिळायला हवीत. जनहित किंवा प्रशासकीय निकड दाखवून आधी बदली करता येते, आणि तीच पळवाट वापरली जाते. तुमच्या ठाण्यात गेल्या पाच वर्षांत किती निरीक्षक बदलले, एवढं मोजून आमदारासमोर ठेवा. पोलीस राजकारण्यांच्या दबावाखाली असतात, हे तुम्ही कितीही वेळा म्हटलं तरी त्या आकड्याइतका परिणाम होणार नाही.

त्याच कायद्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी अशा तक्रारी तिथे नेता येतात. न्यायालयाने जिल्हा पातळी सांगितली होती, आपल्या कायद्यात ती विभागीय झाली. गडचिरोलीच्या माणसासाठी विभाग म्हणजे नागपूर. प्राधिकरण जिल्ह्यात आणा, ही मागणी ठोस आहे आणि तिला निधीही लागतो.

ठरावीक लोकांनाच बोलावणं

1970 आणि 1984 मध्ये दंगलींनी होरपळलेली भिवंडी 1992-93 मध्ये शांत राहिली. 1988 पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. जुन्या शांतता समित्यांमध्ये प्रतिष्ठितांचा भरणा असे. इथे दोन्ही समाजांतली गल्लीतली साधी माणसं आणि साधा पोलीस एकत्र बसत. तुमच्या सभेत भाडेकरू, फेरीवाले, घरकामाला येणाऱ्या बायका नसतील, तर 'संशयित कोण' याची यादी त्यांच्यापासूनच सुरू होते.

चर्चा अडली तर

भांडण वाढलं की सगळ्यांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घ्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. सगळी गाऱ्हाणी एकात कोंबलीत तर तो परत येईल. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पहिल्या अर्जात फक्त ठाण्यातली मंजूर आणि भरलेली पदं विचारा, दुसऱ्यात निरीक्षकांच्या बदल्यांच्या तारखा, तिसऱ्यात ठाण्यातले कॅमेरे आणि चित्रण किती दिवस ठेवतात ते. उत्तरं हातात आल्यावर पुढची सभा घ्या. कॅमेऱ्यांच्या वर्गणीचा ठराव तोपर्यंत बाजूला ठेवा.